देशदर्शन

"आठ दिवस चुलीचं तोंड बघायचं न्हाई. चहासुदीक दुसऱ्या कुणीतरी हातात आणून द्यायचा," या एकाच अटीवर रतनबाई भारत बघायला तयार झाल्या. ताजमहाल, काशी, कन्याकुमारी ही त्यांच्या लेखी चहानंतरची बाब होती.

शिक्रापूरच्या कारखान्यात कामाला असलेल्या ईश्वरने मोबाईलवर 'देशदर्शन' सहल शोधून आईबापांची नावं घातली. एवढा मोठा देश, म्हणजे आठ दिवस लागणारच, हे त्यानं स्वतःच ठरवलं. आपल्या गावच्या, वडगाव रासाईच्या पारावर मारुतरावांनी हार-नारळ घेतला आणि घरटी तांब्याभर गंगाजल कबूल करून टाकलं.

सकाळी यवतला हायवेवर बस मिळाली. आत सगळी कोकणातली मंडळी. तासाभरात बस थांबली ती उसाच्या फडापाशी. मंडळी धावत उतरली आणि उसाला कवटाळून फोटो काढू लागली. मग गुऱ्हाळ झालं. मग एका पुलावर नदी दाखवली. मारुतरावांनी भक्तिभावानं हात जोडले, पण डोळा बारीक करून बघितलं.

"अगं, ही आपली भीमाच दिसती."

"आसंल. पर चहा कवा देत्यात?"

शेवटी मारुतरावांनी सहल नेणाऱ्या सतीशला गाठलं. "आवं, दिल्ली कुठल्या अंगाला ऱ्हायली?"

"दिल्ली? काका, हे देशदर्शन हाय."

"मग देश दावा की!"

"सकाळपासनं तेच तर दावतोय!"

शेजारच्या दाभोळच्या काकांना दया आली. "अहो, आमचं खाली कोकण. घाट चढून वर आलं की तुमचा हा देश. तोच बघायला आलोय आम्ही."

मारुतरावांना कबूल केलेलं गंगाजल आठवलं. गावाला आता कुठलं तोंड दाखवायचं? तेवढ्यात सतीश ओरडला, "आता शेवटचं ठिकाण! देशावरल्या शेतकऱ्याचं अस्सल घर, वडगाव रासाई! पोपटरावांचं घर ठरलं होतं, पर त्यांच्याकडं पावणे आलेत. म्हणून शेजारचं घर दावायचं. मालक भारत बघाया गेलेत, चावी तुळशीपाशी हाय."

मारुतरावांनी तोंडावर उपरणं ओढलं. उपयोग शून्य. दारात पोपट चावी घेऊन उभा होता.

"मारुतआप्पा! आवं, हिंदुस्थान एवढा जवळ हाय व्हय?"

सतीशला आनंदाचं भरतं आलं. "मालकीणबाईच हायेत! म्हंजी चहाबी व्हईल!"

चाळीस डोळे रतनबाईंकडे वळले. त्यांचा एक पाय सवयीनं उंबऱ्यात गेलासुद्धा. मग त्यांनी तो मागं घेतला आणि ओसरीवरच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या.

"मी सहलीतली हाय. मालक त्ये."

मारुतराव आत गेले. भांडी पडल्याचे आवाज आले.

"अगं, साखर कुठं हाय?"

"मला काय ठावं? मी पावनी!"

बऱ्याच वेळानं चहा आला. कोकणच्या मंडळींनी एकेक घोट घेतला, एकमेकांकडे पाहिलं आणि कप हळूच तुळशीत रिकामे केले. मारुतरावांनी साखर समजून मीठ घातलं होतं.

रतनबाईंनी मात्र फुंकर घालत, एकेक घोट घेत, कप तळापर्यंत संपवला. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. मग रिकामा कप नवऱ्यापुढे धरून म्हणाल्या,

"उद्याच्याला जरा गोड करा. सहल आठ दिसांची हाय."