सिल्व्हानोची वाइन आणि चौथं शील

इटलीच्या वाइनबद्दल काहीही विचारा, काशीनाथरावांकडे उत्तर तयार! इंग्लंडातल्या अख्ख्या कॉव्हेंट्री शहरात त्यांच्या तोडीचा जाणकार नव्हता, आणि हे त्यांचं स्वतःचं मत नव्हतं, तिथल्या इटालियन क्लबचं होतं. उत्तरेच्या पिएमोन्तेत डोंगरांवर धुकं उतरायला लागलं की बारोलोची द्राक्षं तोडतात. व्हेरोनाकडे अमारोनेसाठी द्राक्षं महिनोन् महिने वेताच्या तट्ट्यांवर वाळवतात, आपण कुरडया वाळवतो तशी, फक्त उन्हाऐवजी माळ्यावर. मांतोव्हाचे लोक गरम सूपच्या वाडग्यात फेसाळ लाल लांब्रुस्को ओततात आणि वाडगाच तोंडाला लावतात. तोस्कानात व्हिन सांतो नावाची गोड वाइन छोट्या पिंपांत बंद करून पोटमाळ्यावर टाकतात आणि वर्षानुवर्षं तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. हे सगळं काशीनाथराव असं रंगवून सांगत की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटायचं.

फक्त एक बारीकशी गोष्ट राहून गेली होती. त्यांनी वाइनचा एक थेंबसुद्धा कधी चाखला नव्हता!

काशीनाथराव नागपूरच्या इंदोऱ्यातले. आजोबांनी दारूपायी घरातली भांडीसुद्धा विकली होती. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून घरात बाटली आली नाही. काशीनाथराव इंग्लंडला निघाले तेव्हा विमानतळावर वडील एवढंच म्हणाले, "पाचवं शील सांभाळ बाबू. तिकडे थंडी असते, लोक आग्रह करतात." मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं ते पाचवं शील काशीनाथरावांनी कौन्सिलच्या ड्रेनेज खात्यात तीस वर्षं नोकरी करताना, प्रत्येक ख्रिसमस पार्टीत, ऑरेंज ज्यूस हातात धरून सांभाळलं. पण शीलं पाच आहेत, आणि पाचव्याच्या अलीकडे चौथं असतं: खोटं बोलू नये. घोळ तिथे झाला.

घोळाचं नाव सिल्व्हानो. शेजारच्या घरात राहणारा, मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, बुटासारख्या इटलीच्या टाचेकडच्या सालेन्तो भागातला. दर सप्टेंबरला इटलीहून द्राक्षांचा ट्रक यायचा, सिल्व्हानो वीस-पंचवीस क्रेट उतरवून घ्यायचा आणि गॅरेजमध्ये वाइन करायचा. गाडी बिचारी बाहेर पावसात उभी! अकरा नोव्हेंबरला, संत मार्तीनच्या दिवशी, नवी वाइन उघडायची ही त्याच्या गावची रीत. दोन हजार दोनच्या त्या दिवशी तो कुंपणापाशी आला आणि काशीनाथरावांच्या हातात एक बाटली ठेवली.

"काशीनातो, ही रोझाने आणि मी मिळून केली. द्राक्षं निवडली तिने. वाइन तयार व्हायच्या आत ती गेली. चाखून बघ आणि सांग."

रोझाला जाऊन तीन आठवडे झाले होते. आता तुम्हीच सांगा, त्या माणसाला 'मी पीत नाही' कसं म्हणायचं? काशीनाथरावांना ते जमलं नाही. ते बाटली घेऊन घरात आले, रात्रभर तळमळले आणि दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी जाऊन म्हणाले, "फार छान झालीय."

सिल्व्हानोचे डोळे चमकले. "छान म्हणजे कशी?"

मेले! काशीनाथराव "जरा विचार करून सांगतो" म्हणाले आणि तडक लायब्ररीत गेले. दोन जाडजूड पुस्तकं आणली आणि संध्याकाळी जाऊन ठोकून दिलं, "आधी चेरी लागते. मग थोडं चामडं. शेवटी तंबाखू."

सिल्व्हानो ढसाढसा रडला. म्हणाला, "रोझा पण हेच म्हणायची!"

त्या दिवसापासून काशीनाथरावांची सुटकेची वाट बंद झाली. असा जाणकार शेजारी मिळाल्यावर कोण सोडतो? घरच्या वाइनबरोबर सिल्व्हानो आणखीही बाटल्या आणू लागला. कधी बारोलो, कधी सिसिलीची मार्साला. प्रत्येक बाटलीबरोबर तिच्या प्रांताची गोष्ट, आणि दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी परीक्षा! काशीनाथराव पुस्तकं पाठ करत राहिले. बाटल्यांचं करायचं काय? कोणाच्या घामाची वस्तू मोरीत ओतवेना. दुसऱ्याला द्यावी तर तोही आपल्या हाताने दारू पाजण्याचाच प्रकार! शेवटी सगळ्या बाटल्या जिन्याखालच्या कपाटात हूवरच्या, म्हणजे केर ओढायच्या यंत्राच्या मागे जाऊन बसू लागल्या.

"अहो, हे घर आहे की दारूचं दुकान, ऑफ लायसन्स?" रंभाबाईंनी एकदा हूवर ओढताना विचारलं. "एकदाचं सांगून का टाकत नाही त्यांना?"

"सांगतो ना. या वर्षी त्याची तब्येत जरा बरी नाही. पुढच्या वर्षी नक्की."

त्यांची मुलगी रचना, इथेच जन्मलेली, शाळेत केमिस्ट्री शिकवणारी, ती तर सरळ म्हणायची, "बाबा, जस्ट टेल हिम! तुमची प्रॉब्लेम काय आहे?"

प्रॉब्लेम असा होता की दरवर्षी खोटं एका वर्षाने म्हातारं होत होतं, आणि म्हाताऱ्याला घराबाहेर काढणं अवघड असतं!

मग क्लबचं प्रकरण झालं. सिल्व्हानोने तिथे काशीनाथरावांची इतकी कीर्ती गायली की घरी वाइन करणाऱ्यांच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून त्यांचंच नाव लागलं. काशीनाथरावांना घाम फुटला. पण पुस्तकात त्यांनी वाचलं होतं की मोठे जाणकार वाइन गिळत नाहीत, बादलीत थुंकतात. झालं! ऐन वेळी त्यांनी प्रत्येक ग्लास गोल फिरवला, डोळे मिटून हुंगला, बादलीवर वाकून पाठ फिरवली आणि आख्खा ग्लास बादलीत! मग रुमालाने कोरडे ओठ पुसत निकाल सांगितला. टाळ्यांचा कडकडाट झाला. सिल्व्हानोला कोणतंही बक्षीस द्यायची हिंमत त्यांना झाली नाही, कारण त्याच्या ग्लासचा वास येताच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सिल्व्हानोला वाटलं, रोझाच्या आठवणीने.

क्लबने फोटो फेसबुकवर टाकला. ग्लास नाकाशी, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर परमानंद! दोन तासांत तो तिथल्या बुद्ध विहाराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हजर. दुसऱ्या दिवशी विहार समितीचा सेक्रेटरी राजेंद्र घरी आला. पोरगा सज्जन, बिचारा विषय काढायलाच लाजत होता.

"जय भीम काका. सहज आलो होतो. कोट कुठे ठेवू?" असं म्हणत त्याने जिन्याखालचं कपाट उघडलं.

हूवर रचनाने नेलेला होता. समोर साठ-सत्तर बाटल्या ओळीने उभ्या!

"राजेंद्र, मी पीत नाही," काशीनाथराव म्हणाले.

"हो काका," राजेंद्र बाटल्या बघत म्हणाला. "कळतंय मला."

त्या वर्षीच्या जयंतीला पंचशील म्हणवून घ्यायचा मान दुसऱ्याला गेला. पंधरा वर्षं तो काशीनाथरावांकडे होता. एका वाक्यात सगळं निस्तरता आलं असतं. भर सभेत सांगायचं की मी या वाइनचा थेंबही घेतलेला नाही. पण सिल्व्हानो दर जयंतीला जेवायला यायचा. त्या दिवशीही पहिल्या रांगेत बसला होता, डोक्याला निळी टोपी, काशीनाथरावांकडे बघून हात हलवत. काशीनाथरावांनी हात हलवून उत्तर दिलं आणि ते जागेवरच बसून राहिले. त्या दिवशी घरी आल्यावर ते वडिलांच्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले, आणि रंभाबाईंनी त्यांना जेवायला हाक मारली नाही.

आणि मग गेल्या वर्षी सिल्व्हानोला घशाचा कॅन्सर निघाला. उन्हाळ्यात बोलणं घोगरं झालं, सप्टेंबरमध्ये गिळणं थांबलं. तरी त्याने पाच क्रेट द्राक्षं आणवली. खुर्चीवर बसून सांगत राहिला, आणि क्रेट उचलले काशीनाथरावांनी, द्राक्षं चिरडली काशीनाथरावांनी. ज्या माणसाने आयुष्यात दारूला हात लावला नाही, तो अडुसष्टाव्या वर्षी गॅरेजमध्ये कोपरापर्यंत लाल होऊन उभा!

दहा नोव्हेंबरला सिल्व्हानो म्हणाला, "उद्या मार्तीनचा दिवस. मला आता पिता येणार नाही. माझ्यासमोर तू पी. तुझ्या जिभेवर माझा विश्वास आहे. चव कशी ते मला सांग, मग मी निवांत जाईन."

समोर! बादली नाही, पाठ फिरवायची सोय नाही.

काशीनाथरावांनी त्या रात्री ठरवलं, आता खरं सांगायचं. मरणाऱ्या मित्राला तरी एक खरा शब्द मिळायला हवा. सकाळी त्यांनी आरशासमोर तयारी केली, रचनाला फोनवर म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "व्हेरी गुड, बाबा. रडू नको."

सिल्व्हानोचा पलंग खिडकीपाशी लावला होता. टेबलावर ग्लास भरून ठेवलेला. काशीनाथरावांनी त्याचा हात हातात घेतला आणि सगळं सांगून टाकलं. आजोबांची भांडी, विमानतळावरचे वडील, लायब्ररी, चेरी, चामडं, बादली, जिन्याखालचं कपाट! वीस मिनिटं बोलत होते. शेवटी म्हणाले, "मला माफ कर सिल्व्हानो. बावीस वर्षं मी तुझ्याशी खोटं बोललो."

सिल्व्हानोने हळूच डोळे उघडले. बशीत ठेवलेली कानाची यंत्रं उचलली, एकेक करून कानात बसवली आणि विचारलं, "कधी आलास? मला उठवायचं नाही का?"

 तेच सगळं पुन्हा सांगायची ताकद काशीनाथरावांत उरली नव्हती. सिल्व्हानोने ग्लासकडे बोट दाखवलं. खिडकीतून येणाऱ्या उजेडात त्याचा चेहरा कागदासारखा झाला होता, आणि डोळ्यांत एवढीच एक इच्छा उरली होती. काशीनाथरावांना वडील आठवले. 'बाबा, आज एकदाच,' ते मनात म्हणाले. 'उद्या विहारात जाऊन शील पुन्हा घेईन.' त्यांनी ग्लास उचलला, डोळे मिटले आणि ओठांशी नेला.

ग्लास पुढे जाईना. सिल्व्हानोने त्याच्यावर हात ठेवला होता.

"नको काशीनातो. तू पीत नाहीस."

"तुला... तू ऐकलंस?"

"आत्ता? नाही. मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे." सिल्व्हानो थांबत थांबत बोलत होता. "माझी वाइन पिऊन आजवर प्रत्येकाने तोंड वाकडं केलंय. माझ्या भावाने. पाद्रीबाबांनी. रोझा तर म्हणायची, ही जखमेवर लाव. आणि तू म्हणालास, चेरी!"

"म्हणजे रोझाही तेच म्हणायची ते..."

"तेव्हा मी पण खोटं बोललो."

काशीनाथरावांनी ग्लास टेबलावर ठेवला. "मग बावीस वर्षं बाटल्या कशाला दिल्यास?"

"बाटली दिली की दुसऱ्या दिवशी तू यायचास. तासभर बोलायचास. माझा मुलगा मिलानहून पाच मिनिटं फोन करतो. तू माझ्यासाठी पुस्तकं वाचलीस रे. पण आज शेवटचं विचारतो. पिऊ नकोस, नुसता वास घे, आणि खरं सांग. कशी झालीय?"

काशीनाथरावांनी ग्लास नाकाशी नेला. त्यांचं तोंड वाकडं झालं, एक डोळा आपोआप मिटला.

"व्हिनेगर आहे, सिल्व्हानो."

सिल्व्हानो हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता रडला, आणि काशीनाथरावांचा हात त्याने सोडला नाही. आठव्या दिवशी तो गेला.

जानेवारीत शेजारचं घर रिकामं करायला आलेली व्हॅन आधी काशीनाथरावांच्या दारात थांबली. सिल्व्हानोच्या मृत्युपत्रात लिहिलं होतं, 'गॅरेजमधली सगळी वाइन माझ्या जाणकार शेजाऱ्याला.' चार मोठ्या काचेच्या बरण्या! आणि राजेंद्र नेमका त्याच वेळी वर्गणीची पावती द्यायला आलेला. त्याने बरण्या पाहिल्या, काशीनाथरावांचा चेहरा पाहिला आणि एक बरणी उचलून आत नेऊन ठेवली.

रचनाने थोडा नमुना शाळेच्या लॅबमध्ये नेला. "बाबा, हा वाइन नाही राहिली आता," ती म्हणाली. "अल्कोहोल ऑल गॉन. प्युअर व्हिनेगर!"

रंभाबाईंनी ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दोन किलो छोटे कांदे आणले. आठवड्याने ताटात लालभडक कांदा वाढला. सिल्व्हानोची वाइन बावीस वर्षांनी पहिल्यांदा काशीनाथरावांच्या जिभेला लागली, आणि तीसुद्धा एकही शील न मोडता! तोंड वाकडं झालं. मग ते म्हणाले, "छान झालाय." आणि हे अगदी खरं होतं.

"छान म्हणजे कसा?" रंभाबाईंनी सहज विचारलं.

काशीनाथरावांनी खिडकीतून कुंपणाकडे पाहिलं. पलीकडच्या घरावर विक्रीची पाटी लागली होती. चेरी, चामडं, तंबाखू, सगळ्या इटलीची पाठ केलेली पुस्तकं डोक्यात होती, आणि त्यातला एक शब्द बाहेर येईना.

"आंबट," ते कसंबसं म्हणाले आणि बाहीने डोळे पुसू लागले.

रंभाबाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "कांदा जरा झणझणीतच निघाला," त्या म्हणाल्या.

काशीनाथरावांनी मान डोलावली. चौथं शील त्यांनी उद्यापासून पाळायचं ठरवलं.