न झालेल्या भांडणाची चूल

आकाराम अण्णांचं पत्र बुधवारी आलं आणि कालिंदीबाईंच्या तोंडची चवच गेली. पत्र चार ओळींचं होतं. थोरल्या सुनेला जाऊन दोन वर्षं झाली, मुलानं दुसरं लग्न केलं, नात चिमणा आता सहा वर्षांची झाली. तिला शाळेसाठी कोल्हापुरात तिच्या आत्तीकडं ठेवावी म्हणतो. रविवारी घेऊन येतो. घरदार बघतो, मग ठरवतो.

'घरदार बघतो' इथंच कालिंदीबाई अडकल्या. त्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत. हौसा, म्हणजे अण्णांची लेक आणि चिमणाची आत्ती, शिवणक्लास चालवी. मंगळवार पेठेत धोंडुबाईंच्या दोन खोल्यांत दोघी अकरा वर्षं एकत्र राहत होत्या. नवराबायकोत जे असतं ते सगळं त्यांच्यात होतं, रुसवेफुगवे धरून. नव्हती ती फक्त लग्नाची पत्रिका. अशा घराला १९७४ साली कोल्हापुरात नाव नव्हतं, आणि ज्याला नाव नाही ते चारचौघांत सांगायचं कसं? म्हणून कालिंदीबाईंनी जागा बघून नावं वाटली होती. शाळेत हौसा त्यांची लांबची बहीण होती, धोंडुबाईंकडं मैत्रीण, आणि अण्णांच्या गावी कालिंदीबाई नुसत्याच 'खोलीतल्या बाई' होत्या. कुणाला काय सांगितलंय ते लक्षात ठेवता ठेवता त्यांना कायमचं पित्त जडलं होतं.

चिमणा मात्र दोघींनाही हवी होती. हौसानं अंदाजानं दोन फ्रॉक शिवून ठेवले होते. कालिंदीबाईंनी कुणाला न सांगता पाटी आणली होती.

"अण्णांनी आपला एकत्र संसार बघितला तर?" त्या म्हणाल्या. "चिमणाला तर माघारी नेतीलच, तुलाही नेतील."

"मी काय शेरडू हाय, दावं धरून न्यायला?" हौसा म्हणाली.

पण कालिंदीबाईंच्या डोक्यात एक बेत शिजला होता. रविवारपुरत्या आपण दोन वेगवेगळ्या भाडेकरणी व्हायचं. मध्ये पडदा लावायचा, भांड्यांच्या वाटण्या करायच्या आणि मुख्य म्हणजे दोन स्टोव्ह मांडायचे. भांड्यांनी लगेच घात केला. दुकानदारानं प्रत्येक डब्यावर 'का. हौ.' अशी दोघींची अक्षरं जोडीनं कोरून दिली होती. ते सगळे डबे भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, शिक्षा केलेल्या वर्गासारखे.

शनिवारी सकाळी दुसरा स्टोव्ह मागायला त्या घरमालकिणीकडं गेल्या. तुमचा बिघडला का, असं धोंडुबाईंनी साहजिकच विचारलं. बिघडला म्हटलं असतं तर काम भागलं असतं. पण मोठं खोटं बोलणाऱ्या माणसाला लहान खोटं वेळेवर सुचत नाही.

"बिघडला नाही. उद्यापासून आम्ही वेगळा स्वयंपाक करणार आहोत."

धोंडुबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. घर फुटतं ते चुलीपासून, हे त्यांनी चार जावांमध्ये पुरतं अनुभवलं होतं. भांडणासाठी माझा स्टोव्ह मिळायचा न्हाय, असं सांगून त्यांनी कालिंदीबाईंना परत पाठवलं. मग कालिंदीबाई बाजारात गेल्या आणि नवा कोरा पितळी स्टोव्ह हातात धरून भर दुपारी गल्लीतून आल्या. दोघींचं फाटलं हे धोंडुबाईंकडून ऐकूनही ज्यांना खरं वाटत नव्हतं त्यांची आता खात्री पटली.

संध्याकाळी दूधवाला गुंडू माप बुडवून थांबला. आता कुणाला किती घालू, असं त्यानं अगदी हळू आवाजात विचारलं, जणू घरात कुणी आजारी होतं. त्याच्यामागून धोंडुबाई पिठल्याचं पातेलं घेऊन आल्या आणि पाट ओढून बसल्या.

"मी बी एकदा येगळी चूल मांडलती, नवऱ्यासंगं," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या दिशी पिठलं केलं आन एका ताटात जेवलो. भांड्याला भांडं लागायचंच. म्हणून काय संसार मोडायचा?"

कालिंदीबाईंनी घाईनं पातेलं उचललं. "आमचं तसं काही नाही हो."

"सगळीजणं असंच म्हणत्यात," धोंडुबाई म्हणाल्या.

रविवारी अण्णा आले. पांढरा पटका, हातात काठी, काठीला धरून चिमणा. दोन्ही स्टोव्हवर चहा ठेवून, पडद्याच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक अशा दोघी सज्ज होत्या. पण अण्णांना आधी दारात धोंडुबाई भेटल्या. बापमाणूस आलाय, आता तुम्हीच दोघींची समजूत घाला, असं म्हणून त्यांनी काल सकाळपासूनची सगळी हकिगत सांगितली, आणि पाव्हण्यांच्या मागोमाग स्वतःही आत येऊन उंबऱ्याशी उभ्या राहिल्या.

अण्णा घोंगड्यावर बसले. त्यांच्यापुढं दोन्ही बाजूंनी दोन कप आले. त्यांनी दोन्ही कपांकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं, दोन्ही स्टोव्हकडं पाहिलं. मग दोन्ही कप काठीनं थोडे लांब सरकवले.

"हौसा, पोरगी माघारी नेतो."

"का?"

"चूल फुटलेल्या घरात लेकरू ठेवत न्हाईत. आज हिच्यात जेवंल, उद्या तुझ्यात जेवंल. एक आई गेलीया तिची. आता ह्या घराच्या फाटाफुटीत तिला कुठं टाकू?"

हौसाचा चेहरा पडला. चिमणा काठी सोडायला तयार नव्हती. कालिंदीबाईंनी दोघींकडं पाहिलं आणि अकरा वर्षांत जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगायचं ठरवलं. त्यांनी पडदा खाली ओढला. तो दोरीसकट आणि वरच्या खिळ्यासकट आला.

"आम्ही भांडलो नाही, अण्णा. तुम्ही येणार म्हणून दुसरी चूल मांडली."

"मी येनार म्हणून? मी काय दोन तोंडांनी जेवतो?"

"एकत्र बघून तुम्ही काय म्हणाल, याची भीती वाटली." बाईंनी हातातला पडदा बाजूला टाकला. "आमची चूल एकच आहे. पहिल्यापासून."

धोंडुबाईंनी पदर तोंडाला लावला. अण्णांनी पटका काढून मांडीवर ठेवला.

"ही दिवाळीला गावी येती," ते सावकाश म्हणाले, "आन तिसऱ्या दिशी कोल्हापूरची यष्टी धरती. अकरा वर्सं. हितं कुनासाठी पळती त्ये म्या कधी इचारलं न्हाय. इचारलं न्हाय म्हंजे कळलं न्हाय व्हय? तुमी भांडला न्हाईसा, एवढंच मला ऐकायचं हुतं."

त्यांनी दोन्ही कप पुन्हा जवळ ओढले, एकातला चहा दुसऱ्यात ओतला आणि बशीत घेऊन प्यायले. नाहीतरी एकीनं साखर विसरली होती आणि दुसरीनं दोनदा घातली होती.

हौसा डोळे पुसत होती. अण्णांपुढं मात्र आता वेगळाच पेच उभा राहिला. पोरगी ठेवायची म्हणजे तिनं घरातल्या माणसांना हाका मारायला हव्यात. हौसा ती आत्ती. पण ह्या बाईंना काय म्हणायचं? मावशी म्हणावं तर त्या आईच्या बहीण नव्हत्या. काकू म्हणावं तर त्यांचा काका कुठाय? अण्णांनी बोटांवर हिशेब केला. नातं चुकलेलं त्यांना गावातही खपत नसे.

"आत्तीचा मालक, त्यो मामा," ते म्हणाले. "पर हितं मालक न्हाय, मालकीन हाय. मंग मामी."

त्यांनी धोंडुबाईंकडं पाहिलं. धोंडुबाईंनीही मनातल्या मनात नातं फिरवून पाहिलं.

"बराबर बसतंय की," त्या म्हणाल्या.

कालिंदीबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. लांबची बहीण, मैत्रीण, खोलीतल्या बाई, ही नावं त्यांनी स्वतः शोधून काढली होती. हे त्यांना दुसऱ्यानं दिलं होतं, आणि काय करावं ते त्यांना कळेना.

चिमणानं काठी सोडली. ती त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली, एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली.

"मामी, मोरी कुठं हाय?"

कालिंदीबाई तशाच उभ्या.

"अगं, ओ दे की," हौसा म्हणाली. "तुलाच हाक मारतीया. आन लवकर दे, पोरीला घाई झालीया."