साहेब रस्ता बघायला येणार

मंडळी, सरकारी कागद वाचावा तर मीच! आमच्या आहुप्यात दाखला, नोटीस, परिपत्रक काहीही आलं की लोक म्हणायचे, "सुनीलला इचारा." मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षात जाणार होतो आणि सुट्टीत मंचरला झेरॉक्सच्या दुकानात काम करायचो. दिवसभर सरकारी कागदच हातात.

दोन हजार दोनच्या मे महिन्यात असाच एक कागद मशीनवर आला. वसतिगृहांचा निधी कमी झालाय. ज्या गावाला नियमित एसटी आणि चांगला रस्ता आहे, तिथल्या मुलामुलींनी कॉलेजला रोज घरून यावं. त्यांना वसतिगृह बंद!

आहुपे ते मंचर साठ-पासष्ट किलोमीटर. आमच्या खोऱ्यातली नऊ पोरं मंचरच्या वसतिगृहात राहायची. त्यात मी, आणि माझी धाकटी बहीण आरती. ती नुकतीच बारावी झालेली, तालुक्यातल्या भल्याभल्या पोरांना मागं टाकून!

पण पुढची ओळ वाचली आणि मी खूश झालो. अधिकारी आधी गावोगाव पाहणी करणार होते. मनात म्हटलं, येऊ द्या! आमचा शेवटचा सहा किलोमीटर रस्ता असा, की गाभण म्हैस गाडीत घातली तर वाटेतच व्यायची! साहेबाची कंबर मोडली की आमचं वसतिगृह पक्कं.

पाहणीचा दिवस कळताच मी मुक्कामी एसटीच्या कंडक्टरकडं चुलत्यासाठी, चिमाजीकाकांसाठी, चिठ्ठी दिली. कंडक्टरनं वाचली तर बोभाटा होईल, म्हणून थोडक्यात लिहिलं: "साहेब रस्ता बघायला येणार. रस्ता नीट दिसला पाहिजे." म्हणजे काय, तर खड्ड्यांवर कुणी पालापाचोळा टाकू नका, सगळं उघडं राहू द्या. इतकं सोपं मराठी!

ठरल्या दिवशी साहेबांच्या जीपमध्ये वाटाड्या म्हणून मीच बसलो. डिंभ्याचं धरण मागं पडलं. शेवटचं वळण आलं तसं मी वरचा दांडा दोन्ही हातांनी पकडला.

"साहेब, घट्ट धरा! आता खड्डे!"

साहेबांनी धरलं. ड्रायव्हरनं धरलं. जीप लोण्यातून सुरी जावी तशी गेली.

"कुठायत खड्डे?"

"पुढं असतील, साहेब."

पुढंही नव्हते! जिथं तिथं ताजा मुरूम, चोपून बसवलेला. कडेच्या दगडांना चुना फासलेला. साहेबांनी कधीच हात सोडले होते. मी मात्र दांड्याला वटवाघळासारखा लटकलेलो.

"अरे, आमच्या ऑफिससमोर असा रस्ता नाही!" साहेब म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण. ताशा. निम्मं गाव उभं. आरती हातात ओवाळणीचं ताट घेऊन सगळ्यात पुढं! मी डोळे वटारले, तर ती माझ्याकडं बघून हसली.

चिमाजीकाका धोतर सावरत पुढं आले. "या साहेब! चार दिस सगळं गाव राबतंय. न्हानी पोरंसुद्धा!"

"एसटी येते का इथं?" साहेबांनी विचारलं.

आता सांगायला हवं, की त्या वर्षी तोट्यातल्या गाड्या बंद होणार अशी आवई होती. गाव समजलं, हा एसटीचाच साहेब! गाडी तोडायला आलाय!

"येती! रोज येती!" अख्खं गाव ओरडलं.

"वेळेवर?"

"घड्याळ लावून घ्या, साहेब!" काका म्हणाले.

"आणि पावसाळ्यात?"

"पावसात बी येती!"

मी काकांचा सदरा मागून ओढला. "काका, काय बोलताय? आषाढात चार-चार आठवडे..."

"गप रे!" काका खेकसले आणि साहेबांकडं वळले. "याचं नका मनावर घेऊ. हा मंचरला असतो. याला गावातलं काय म्हाईत?"

साहेबांनी तेही लिहून घेतलं!

मग कोंबडीचा रस्सा आणि भात झाला. साहेबांनी अहवाल काढला. पहिली सही चिमाजीकाकांची, मागोमाग चाळीस अंगठे. धुरळा उडवत जीप गेली, तेव्हा कुठं मी सगळ्यांना बसवून खरं काय ते सांगितलं.

ताशेवाला ताशा काखोटीला मारून निघून गेला. काका जोत्यावर खाली बसले.

"सुन्या, मंग चिठ्ठीत आसं लिव्हायचं व्हतंस, राव."



जूनमध्ये यादी लागली. नऊच्या नऊ नावं गेली. पहाटे पाचच्या गाडीनं जायचं, रात्री आठला परत. तीन आठवडे आम्ही तसं केलं. आरती गाडीत डुलक्या घेत वही मांडीवर धरायची. जुलैत पावसानं मुरूम धुऊन नेला आणि एसटी सहा किलोमीटर अलीकडूनच वळायला लागली. त्यानंतर सहा किलोमीटर अंधारात, ओढ्यातून. एक पोरगं वाहता वाहता वाचलं. मी मंचरला तिघांत मिळून खोली घेतली. पोरीला एकटीला खोली कोण देणार आणि घरचे तरी कसं पाठवणार? आरती घरीच राहिली.

चिमाजीकाका भर पावसात, डोक्यावर इरलं घेऊन ऑफिसात गेले. मी बरोबर होतोच.

"साहेब, आमी खोटं बोललो. पावसात गाडी येत न्हाई."

कारकुनानं फाईल काढली. "येते असं तुम्हीच लिहून दिलंय. आता आधीचं खरं धरू का आत्ताचं?"

"आत्ताचं धरा. पाया पडतो."

म्हातारा खरोखर वाकला. कारकून बिचारा खुर्चीतून उठला. म्हणाला, "अर्ज द्या. पुन्हा पाहणी लावतो."

अर्ज मीच लिहिला. या वेळी चांगला तीन पानी!

ऑगस्टच्या सुरुवातीला मी घरी आलो होतो. लावणीचे शेवटचे दिवस. पोस्टमन चिखलात गुडघ्यापर्यंत भरून, चालत आला आणि पाकीट दिलं. सगळे ओसरीवर जमले. मी मोठ्यानं वाचलं:

"पाहणी पथक दिनांक एकोणतीस रोजी निघाले होते. तथापि आपल्या गावाकडे जाणारा रस्ता बंद असल्याने पथकास गावात पोहोचता आले नाही. सबब पाहणी होऊ शकली नाही. पूर्वीचा अहवाल कायम करण्यात येत आहे."

मला तर हसूच फुटत होतं, पण आरतीकडं बघून आवरलं. तिनं कागद माझ्या हातातून घेतला, एकदा सावकाश वाचला, घडी घालून काकांच्या हातात दिला आणि खाचरात उतरली. मीही मागोमाग उतरलो.

बराच वेळ आम्ही शेजारी शेजारी वाकून रोपं लावत होतो. मग तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"दादा, तुझी ओळ वाकडी चाललीय."

चालली होती, हो!