ऐंशी फूट अलीकडे

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी हसनाबादच्या शिवारात परमेश्वरचे पाइप संपले. मोसंबीची बाग अजून ऐंशी फूट पुढे होती.

चर बागेपर्यंत खणून तयार होता. वीस-वीस फुटांचे शंभर पाइप मात्र शिवारात सगळ्यांना मोजून देणाऱ्या काकासाहेबांच्या मापाने आणले होते. काकासाहेब आपल्या जुन्या फटफटीच्या पुढच्या चाकाला चिंधी बांधत आणि गाडी चालवत फेरे मोजत. एक फेरा म्हणजे सव्वासहा फूट. विहिरीपासून बागेपर्यंत तीनशे वीस फेरे, म्हणजे दोन हजार फूट. तीस वर्षांत त्यांच्या मापावर कुणी टेप लावला नव्हता.

"काका, एखादा फेरा मोजायचा ऱ्हायला आसंल," परमेश्वर अदबीने म्हणाला.

"एखादा? ऐंशी फुटाचे बारा-तेरा फेरे व्हतेत. मी काय झोपेत गाडी चालवून राह्यलो व्हतो?"

त्यांची नात आकांक्षा पॉलिटेक्निकला शिकते. डबा घेऊन आलेली ती चाकाशी उकिडवी बसली.

"आबा, हे टायर कधी बदललं?"

"महिना झाला. जुन्या जालन्यातून आणलं."

दुकानात झालेलं बोलणं असं होतं:

"तीन-अठराचं माप आता आमच्याकडं येत न्हाई. शंभर-नव्वद-अठरा घेऊन जा."

"बसंल का?"

"अठराला अठरा बराबर हाये ना? मंग?"

टायर मडगार्डला घासलं, तेव्हा दुकानदाराने मडगार्डच वर करून दिलं होतं.

आकांक्षाने मातीत आकडे काढले. जुन्या खुणेत तीन म्हणजे तीन इंच रुंदी आणि उंचीही तेवढीच, शहात्तर मिलिमीटर. नव्या खुणेत शंभर ही मिलिमीटरमधली रुंदी आणि उंची तिच्या नव्वद टक्के. अठरा हे दोन्हीकडे फक्त रिमचं माप.

"तीनच्या जागी ऐंशी-शंभर चाललं असतं. हे चाक मोठं झालं, आबा. आता फेरा साडेसहा फुटाचा हाये. म्हणून फेरे कमी भरले."

"म्हंजी टायर चुकलं. मी न्हाई," काकासाहेब म्हणाले. त्यांनी डबा उघडला.

शेजारच्या शेतांतल्या सोमेश्वर आणि कल्याण या भावांनी गोठ्यामागे पडलेले दोन-दोन पाइप आणून दिले. दोन वाजता बागेत पाणी आलं. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण आकांक्षाने विचारलं, "सोमेश्वरभाऊ, तुमच्याकडं पाइप उरले कसे?"

"काकानंच मोजून दिल्ते. एखाद-दुसरा उरतोच दर बारीला."

"उरणारच. टायर झिजलं की चाक लहान होतं, फेरे जास्त भरतात."

सोमेश्वर काकासाहेबांकडे वळला.

"काका, आमच्या शेताची वाटणीबी तुमच्याच चाकानं झाल्ती."

"एकाच टायरनं झाल्ती. दोघांचं सारखंच आलं," काकासाहेब म्हणाले.

"माह्या बाजूला मोजायच्या आधी पंक्चर झाल्तं," कल्याण म्हणाला. "मला पक्कं आठवतंय. नंतर हवा कमीच भरली व्हती. चाक बसलं, माहा हिस्सा कमी आला."

साडेपाच वाजता परमेश्वरच्या घरून शंभर फुटी टेप आला. एक टोक सोमेश्वरने धरलं, दुसरं कल्याणने. दोघांच्या शेतांच्या कडेचा बांध शंभर फुटांहून बराच लांब आहे. टेप किती वेळा टाकला हे कोणी मोजायचं, यावर दोघे अडले. सोमेश्वरला कल्याणचा भरवसा नाही, कल्याणला सोमेश्वरचा. परमेश्वर दोघांनाही चालत नाही, आणि आकांक्षा काकासाहेबांची नात आहे.

अखेर दोघांनी एकाच माणसाचं नाव घेतलं. काकासाहेबांनी अजून हो म्हटलेलं नाही.