अर्धं बोट पुढे

माझी झोप उडवली ती क्लचच्या दांडीनं. बाकीच्या बायकांची झोप नवऱ्याच्या घोरण्यानं उडते. माझ्या घरात ते घोरणं उरलं नव्हतं, म्हणून बहुतेक त्याच्या गाडीनं ती जबाबदारी घेतली. ओळीनं तीन रात्री मी अंथरुणात डावा हात वर करून बोटं ताणत होते, की एवढी बोटं दांडीपर्यंत पोचतील का. तिसऱ्या रात्री माझी साडेसहा वर्षांची लेक मैत्री अर्धवट जागी झाली आणि म्हणाली, "मम्मी, तू कोणाले टाटा करून राह्यली?"

गाडी धम्मदीपची. माझा नवरा. तो मोबाइलचे टॉवर दुरुस्त करायचा. धानोऱ्याच्या जंगलात रस्ता जिथं संपतो तिथून त्याची ड्युटी सुरू व्हायची, म्हणून त्यानं ही दगडधोंड्यांत चालणारी उंच मोटरसायकल घेतली होती. दीड वर्षापूर्वी त्याला मेंदूचा मलेरिया झाला आणि सहा दिवसांत तो गेला. मी नर्स आहे. टोल्याटोल्यात, म्हणजे जंगलातल्या वस्त्यावस्त्यांत, फिरून मलेरियाचं रक्त तपासणं हे माझं काम. (यावर विनोद करून पाहिला. जमत नाही.)

तेव्हापासून गाडी ओसरीत जुन्या चादरीखाली उभी. ती बाहेर काढायची वेळ आली ती माझ्या स्कूटीमुळे. नाल्यापलीकडच्या टोल्यावर दर बुधवारी बाळांना लस द्यायची असते आणि स्कूटी नाल्याच्या रेतीत कमरेपर्यंत बसते. दोन बुधवार मी अर्ध्यातून परतले. तिथली आशा सेविका बुधरी फोनवर म्हणाली, "नर्सबाई, नऊ लेकरं हायेत. बाया विचारून राह्यल्या, तू येते का आम्ही मोह वेचाले जावं?" म्हणजे तिसरा बुधवार चुकवायचा नव्हता.

म्हणून मी एक छोटासा निर्णय घेतला. हँडल फक्त थोडंसं माझ्याकडे ओढायचं. धम्मदीप पाच फूट अकरा इंच, मी टाचा उचलून पाच फूट. बाकी कशालाच हात लावायचा नाही.

तेवढंही जिवावर येत होतं, कारण ते हँडल त्याच्या हातांनी सोडलं तसंच होतं. त्याच्या शर्टांचा वास केव्हाच गेला, फोन बंद पडला. हात कुठे असायचे तेवढं मात्र अजून घरात होतं. मग मी एक शहाणपणा केला. हँडल जिथं पकडीत आवळलेलं असतं तिथं, खालच्या अंगानं, कोणाला दिसणार नाही अशी नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली. अर्धी हँडलवर, अर्धी पकडीवर. म्हणजे त्याची जागा हरवणार नाही. (नेलपॉलिश लग्नातलं, वाळून दगड झालेलं. त्यात स्पिरिट ओतलं. नर्सच्या घरात मीठ संपेल, स्पिरिट संपत नाही.)

मग मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यातला माणूस सांगत होता की अशा गाडीचं हँडल बसून नाही, उभं राहून जुळवायचं. दोन्ही पाय फूटरेस्टवर, गुडघे सैल, कोपरं बाहेर. मी गाडी ओढणीनं ओसरीच्या खांबाला बांधली आणि वर चढले. कुंपणापलीकडून शेजारच्या मीराबाईंनी मान काढली.

"काय वो नर्सबाई, चिंचा पाडून राह्यली का?"

"नाही मीराबाई, हँडल बसवतेय."

"उभी राहून?"

"व्हिडिओतला माणूस उभाच आहे."

"त्याच्या घरी खुर्ची नसन."

त्या दिवशी मामाजी, म्हणजे माझे सासरे वामनराव, डोळे दाखवायला चंद्रपूरला गेले होते. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं फिटर. ते घरी असते तर माझ्या हातात पाना दिलाच नसता. संध्याकाळी ते परतले, ओसरीत थांबले, गाडीकडे पाहिलं आणि पाय धुवायला गेले. मला वाटलं, डोळ्यांत औषध घातलंय, दिसलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते, तर हँडल पुन्हा पुढे गेलेलं.

मी खाली वाकून माझी रेघ पाहिली. हँडल रेघेवर आलं असतं तर म्हटलं असतं, कोणीतरी आणून ठेवलं. पण ते रेघेच्याही अर्धं बोट पुढे होतं. म्हणजे आपोआपच सरकलं असणार. मी ओढून घेतलं, बोल्ट आणखी आवळले. तिसऱ्या दिवशी पुन्हा पुढे. चौथ्या दिवशीही. आम्ही बौद्ध माणसं, भुताखेतांवर विश्वास नाही. तरी चौथ्या सकाळी मी इकडेतिकडे पाहून हळूच म्हटलं, "धम्मदीप, मला बुधवारी जायचं आहे रे."

(कोणी उत्तर दिलं नाही. तो असतानाही सकाळच्या वेळी देत नसे.)

मग गाडी ढकलत इसरूच्या गॅरेजात नेली. त्यानं पाना लावून पाहिला.

"म्याडम, बोल्ट एकदम टाईट हाये."

"मग रात्रीतून हँडल पुढे कसं जातं?"

"गाडी चालोता का तुम्ही?"

"अजून नाही."

"उभ्या गाडीचं हँडल सरकते?" गोळ्या घेतल्या म्हणून खोटं सांगणाऱ्या पेशंटकडे मी जसं पाहते, तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं. "बीपी तपासून घ्या म्याडम. उन्हाचे दिवस हायेत."

बुधवार उजाडला. हँडल पुढेच. वेळ नव्हता. मी ते खसकन मागे ओढलं आणि अंगातला सगळा जोर लावून बोल्ट आवळला. आत काहीतरी कुरकुरलं. मला वाटलं, घट्ट बसलं. लसीचा डबा मागे बांधला आणि निघाले.

आणि सांगते, सात किलोमीटर मी चालवली! क्लच हातात येत होता, मोहाची फुलं चाकाखाली चिरडत होती, मी हेल्मेटच्या आत हसत होते, मग रडत होते, मग काच धुक्यानं भरली म्हणून दोन्ही थांबवलं. नाल्यात उतरताना व्हिडिओतल्या माणसाची आठवण झाली. उभी राहिले, गुडघे सैल, कोपरं बाहेर. रेतीत चाक बसलं आणि हँडल, एवढे दिवस पुढे पुढे जाणारं ते हँडल, गरकन फिरून माझ्या पोटात आलं. मी रेतीत. गाडी माझ्या शेजारी, समजूतदारपणे आडवी.

पलीकडच्या काठावर बुधरी आणि नऊ बाळांच्या नऊ आया उभ्या होत्या. आधी सगळ्या धावल्या. डबा शाबूत आहे आणि मीही, हे दिसल्यावर सगळ्या हसल्या. बुधरी माझ्या केसांतली रेती झाडत म्हणाली, "येवढी घाई नको करू बाई. सुई टोचाले तर येऊन राह्यली."

नऊच्या नऊ बाळांना लस मिळाली. गाडी आणि मी बैलगाडीतून परतलो, वाटेत इसरूला बोल्ट दाखवून.

घरी मामाजी खोलीत बसले होते. मी म्हटलं, "मामाजी, बोल्टचे आटे गेले. इसरू म्हणतो, रोज कोणीतरी खोलून पुन्हा आवळत होतं, त्यानंच गेले. एक तर मी होते. दुसरं कोण?"

ते वर पंख्याकडे पाहू लागले. दीड वर्षाची धूळ घेऊन पंखा फिरत होता.

"मी होतो," ते म्हणाले. "पहाटे उठतो ना, फस्ट शिफ्टची सवय. मशीन खोलली का पुन्हा निशाणीवर बसोवा लागते, बेटा. चौतीस साल तेच केलं. चंद्रपूरवरून आलो तं पाह्यलं, त्याची जागा हलली. मंग अंदाजानं बसोलं आन् पंच मारून ठेवला, का पुन्हा भुलू नाई." ते माझ्याकडे वळले. "तू पडली असती जोरात, तं मी काय केलं असतं?"

मी त्यांना ओसरीत नेलं. टॉर्च मारला. पकडीवर त्यांचा पंच, मोहरीएवढा खळगा. आणि खाली माझी लाल रेघ. त्यांना ती दिसलीच नव्हती. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत.

"तुह्या रेघेपेक्षा माहा पंच पुढं हाये."

"मामाजी, मी खोलायच्या आधी रेघ ओढली. तुमचा अंदाज आहे."

"बापाचा अंदाज हाये!"

"आणि मी कोण, मीटर रीडिंगवाली?"

अर्ध्या बोटासाठी आम्ही दोघं गाडीजवळ उकिडवे बसून भांडत होतो. त्याचे हात इथे होते, नाही, तिथे होते. मामाजींनी उपरण्यानं चष्मा पुसला, मग डोळे, मग पुन्हा चष्मा.

मैत्री दारात उभी राहून कुरमुरे खात होती. बापाच्या पुढ्यात, पेट्रोलच्या टाकीवर बसून रोज अंगणवाडीत जायची ती. तिला विचारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.

"पप्पाचे हात तिथं नाई बसत होते," ती म्हणाली. "पप्पा रोज म्हणे, हे हँडल लई पुढं हाये, कंबर दुखते, या रविवारी मागं घेतो."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मैत्रीकडे.

"मग कधी घेतलं का नाही गं त्यांनी?" मी विचारलं.

तिनं मुठीतले उरलेले कुरमुरे तोंडात टाकले, ते चावून संपवले, आणि म्हणाली, "कसे घेतीन? रविवार आला का तूच म्हणे ना, गाडी राहू दे, आधी पंखे पुसून दे."