आईच्या आवाजासाठी टिकाऊ कॅमेरा

घाईने घेतलेल्या वस्तूचा माणसाला पश्चात्ताप होतो. नीट विचार करून घेतलेल्या वस्तूचाही होतोच, पण त्याची कारणं फाइलला लावता येतात. घरगुती वापरासाठी व्हिडिओ कॅमेरा घेणाऱ्याने हा फरक आधी समजून घ्यावा. आम्ही तो इतका समजून घेतला की दहा आठवडे दुकानाची पायरी चढलो नाही.

निमित्त आईच्या घशाचं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, आधी औषधं, मग अडीच महिन्यांनी ऑपरेशन. जीव वाचेल, आवाज मात्र जाईल. आई रडली नाही की चिडली नाही. माझी बायको तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. तिच्याकडे बघत आई म्हणाली, "माझं बोलणं कशात तरी भरून ठेवा रे. हिच्या बाळाला ऐकवायला."

आता हे काम कोणाकडे जावं? दादाकडेच. माझा थोरला भाऊ एका मोठ्या कार्यालयाच्या खरेदी विभागात एकतीस वर्षं होता. त्याच्या कारकिर्दीत तिथे एकही खुर्ची निकृष्ट आली नाही (एकूण खुर्च्याच दोन आल्या). त्याने त्याच दिवशी समिती नेमली. दादा अध्यक्ष, वहिनी सचिव, मी सदस्य आणि आई लाभार्थी. लाभार्थीला बैठकीला बसता येतं, मत देता येत नाही, चहा मात्र तिनेच करायचा असतो.

पहिल्या बैठकीत अटी ठरल्या:

१. कॅमेरा सुटसुटीत हवा. लाभार्थीला एका हाताने पेलता आला पाहिजे (लाभार्थीने स्वतःचं चित्रण स्वतःच का करावं, याचा खुलासा इतिवृत्तात नाही).

२. जेवणाच्या टेबलावरून फरशीवर तीन वेळा पडून चालू राहिला पाहिजे.

३. तीन मीटर खोल पाण्यात चालला पाहिजे. आमच्या घरात कोणालाच पोहता येत नाही, पण दादाच्या मते वस्तू घेताना आजच्यापुरतं बघायचं नसतं.

४. सुटे भाग पंधरा वर्षं मिळाले पाहिजेत.

वहिनीने हळूच विचारलं, तोवर मोबाइलवर काढून ठेवायचं का? दादा तिच्यावर ओरडला नाही. मोबाइल हे हंगामी साधन आहे आणि हंगामी सोय झाली की कायमस्वरूपी खरेदी रेंगाळते, हे त्याने तिला उदाहरणं देऊन समजावलं. वहिनीने ते स्वतःच्याच हाताने वहीत लिहून घेतलं.

मग तक्ता झाला. त्रेचाळीस मॉडेलं, बत्तीस रकाने. अकरा बैठकांतला अडतीस टक्के वेळ मनगटाच्या पट्ट्यावर गेला, सतरा टक्के रंगावर आणि नऊ टक्के आधीची वही शोधण्यात. दरम्यान लाभार्थीचा आवाज बसत चालला होता. ही नोंद 'इतर विषय' या सदरात आहे. नवव्या आठवड्यात आईने चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, यात आवाजाचा रकाना कुठंय? नव्हता. दादाने चूक मोकळेपणाने मान्य केली आणि तक्ता नव्याने आखायला घेतला.

त्याच आठवड्यात दुकानदाराने दादाच्या फोनना कंटाळून एक कॅमेरा दिवसभरासाठी चाचणीला घरी पाठवला. रविवार होता. आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मटार सोलत होती. कॅमेरा मी धरला. ती अकरा मिनिटं बोलली. बाळाला हाका मारल्या, मुलगा असेल तर अशी, मुलगी असेल तर अशी. मी न्हाव्याला घाबरून पलंगाखाली लपायचो, ते सांगितलं. आमच्या बाबांची नक्कल केली. एक अंगाई अर्धी म्हटली, पुढचं कडवं आठवेना म्हणून स्वतःशीच हसली. बसक्या का होईना, पण आईच्याच आवाजात. दादाने दोनदा डोळे पुसले. मी पाहिलंय, उगाच त्याच्या नावाने काही सांगत नाही.

संध्याकाळी कॅमेरा परत करायचा होता. चाचणीची वस्तू आली त्या स्थितीत परत करायची, हा खरेदीचा पहिला नियम. शिवाय एकाच कंपनीच्या यंत्रात लाभार्थी इतकी छान बोललेली राहिली, तर उरलेल्या बेचाळीस मॉडेलांवर अन्याय झाला असता. दादाने पुसायचं बटण दाबलं. कॅमेऱ्याने विचारलं, नक्की पुसायचं का? यंत्र बिचारं आमच्यापेक्षा विचारी निघालं. दादाने 'हो' दाबलं. आईला सांगितलं, खरेदी झाली की हेच सगळं पुन्हा बोल.

आई म्हणाली, "बरं."

मला दादाचा राग येतो. पण त्या दिवशीच्या इतिवृत्तावर 'चित्रण पुसले, हरकत नाही' या वाक्याखाली माझी सही आहे, त्यामुळे तो धड येतही नाही.

ऑपरेशन सोमवारी झालं. कॅमेरा मंगळवारी आला. कॅमेऱ्याबद्दल मात्र बोलायला जागा नाही. टेबलावरून तीनदा पाडला, टवकासुद्धा उडाला नाही. त्यातलं पहिलं चित्रण आईचं आहे. ती पाटीवर 'चालू आहे का?' असं लिहून पाटी आमच्याकडे धरते. खडूची भुकटी तिच्या पदरावर पडलेलीही दिसते. आवाज वाढवला की पंख्याची घरघर अगदी स्वच्छ येते. माझी मुलगी आता दीड वर्षाची आहे आणि तिला हा व्हिडिओ आवडतो. आजी बोलत का नाही, हे विचारण्याइतकं अजून तिला बोलता येत नाही.

ही हकीकत मी आजवर चौदा जणांना सांगितली. चौदाही जण हळहळले, दोघींनी डोळ्याला पदर लावला. मग जरा वेळ जाऊ देऊन प्रत्येकाने विचारलं, "शेवटी घेतलात कुठला?" नऊ जण तक्त्याची झेरॉक्स घेऊन गेले.

तुम्हीही मघापासून मॉडेलचं नाव शोधताय, मला कळतंय. सांगतो. आधी मला एवढंच सांगा, कोणाचा आवाज भरायचाय तुम्हाला, आणि ते माणूस आज बोलतंय ना?