अपुऱ्या कामाला अभय

अर्धी दाढी झालेल्या माणसाला कोणताही न्हावी खुर्चीतून उठवत नाही. मानवी संस्कृती म्हणतात ती हीच. कार्यालयाची कामं दूरच्या भाड्याच्या संगणकांवर चालतात, त्या क्लाउडमध्ये मात्र ती अजून पोहोचायची होती.

तिथली व्यवस्था तशी सोपी. कामाची गर्दी वाढली की नवी मशिनं आपोआप उभी राहतात. ओसरली की आपोआप बंद होतात. (ही मशिनं डोळ्यांना दिसत नाहीत. बंद झाली की मात्र सगळ्यांना जाणवतात.) कोणतं बंद करायचं ते व्यवस्थाच ठरवते. "बाबा रे, तू कामात आहेस का?" असं विचारण्याचा आगाऊपणा ती करत नाही.

निकाल विभागातल्या बाईंचा शालेय परीक्षेचा निकाल असाच, मशीन मधेच बंद झाल्याने, दोनदा अर्ध्यावर गडप झाला. घरी त्यांची लेक त्याच निकालाची वाट पाहत होती.

"आई, तुमच्या ऑफिसात निकाल लावतात की हरवतात?" तिने जेवताना विचारलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आपल्या मशीनवर संरक्षणाची खूण केली. काम संपेपर्यंत याला हात लावू नये; संपलं की खूण काढायची. इतकंच.

साहेबांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी तिचं धोरण केलं. ज्याचं काम अपुरं, त्याला अभय. आठवड्याभरात झाडून सगळी मशिनं कामात बुडालेली आढळली. एक गेल्या वर्षीचं कॅलेंडर तपासत होतं, दुसरं त्याची वाट पाहत होतं, तिसरं वाट पाहणाऱ्यावर देखरेख ठेवत होतं.

गर्दी ओसरली, पण मशीन एकही बंद होईना. काहीतरी कमी करणं भागच होतं, म्हणून साहेबांनी माणसं कमी करायचं ठरवलं. नियम तोच ठेवला. (साहेब पक्षपाती नव्हते.)

त्या दिवसापासून कार्यालयात कोणी काही संपवेना. हिशेबनीस शेवटच्या बेरजेपाशी थांबले. टपाल विभागाने पाकिटं भरली, चिकटवली नाहीत. बाईंच्या शेजारच्या गृहस्थांनी तर चहासुद्धा अर्धा ठेवायला सुरुवात केली.

बाईंचा निकाल तेवढ्यात तयार झाला. 'जाहीर करा' हे बटण दाबायचं उरलं होतं.

"राहू द्या हो बाई तेवढं," गृहस्थ कळवळून म्हणाले. "एक बटण निवृत्तीपर्यंत पुरेल तुम्हाला."

"आणि पोरीला काय सांगू?"

"काम चालू आहे म्हणावं. खोटं काय त्यात?"

बाईंनी गृहस्थांकडे पाहिलं, त्यांच्या अर्ध्या कपाकडे पाहिलं आणि बटण दाबलं. मशीनवरची खूण काढली. टेबल पुसलं.

लेक पास झाली. संध्याकाळी व्यवस्थेने बाईंना नियमानुसार कमी केलं. गृहस्थांनी निरोपाचं भाषण फार सुरेख सुरू केलं, आणि अर्थातच अर्ध्यावर सोडलं.

आपलं कसं होणार, ही चिंता मात्र वाचकांनी करू नये. हातातलं काम अपुरं ठेवून तुम्ही हे शेवटपर्यंत वाचलंत. तुमची खूण शाबूत आहे.